जुनी इलेक्ट्रिक कार चार्ज होत नाही? मोठ्या बॅटरीवर संशय घेण्याआधी हे तपासा



मागच्या उन्हाळ्यात माझी सेकंडहँड इलेक्ट्रिक कार एका सकाळी सुरूच होईना. डॅशबोर्डवरचे दिवे नुसते लुकलुकत होते आणि चार्जर लावूनही चार्जिंग सुरू होत नव्हतं. गॅरेजवाल्याने एक नजर टाकून सांगितलं, "पॅक गेला, बदलावा लागेल." तेवढ्या पैशात मला दुसरी जुनी गाडी मिळाली असती! शेवटी दोष निघाला बॉनेटखालच्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीत.

(२००१ च्या रेवामध्ये लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या, त्यांचं गणित वेगळं. इथे मी लिथियमवाल्या गाड्यांबद्दल बोलतोय.)

छोटी बॅटरी

मोठा पॅक मोटर फिरवतो. दिवे, लॉक आणि गाडीचा कॉम्प्युटर मात्र १२ व्होल्टवर चालतात. गाडी बंद असताना पॅक बाकीच्या सर्किटपासून तोडलेला असतो. त्याला जोडणारा मोठा रिले, म्हणजे कॉन्टॅक्टर, ओढायलाही हेच १२ व्होल्ट लागतात. त्यामुळे पॅक भरलेला असला तरी गाडी ढिम्म.

गाडी रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी दार उघडण्याआधीच्या स्थितीत मल्टिमीटर लावा. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. गाडी सुरू केल्यावर आकडा १३ च्या वर जायला हवा. नाही गेला तर पॅकमधून ही बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर तपासून घ्या.

सॉकेट आणि अर्थिंग

"फोन तर याच सॉकेटवर चार्ज होतो!" हो, पण फोनच्या चार्जरला बहुतेक वेळा दोनच पिना असतात. कारचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर चार्जिंग नाकारतो. ही तपासणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. प्लगच्या पिना काळपट झाल्यात का, हे मात्र तुम्ही स्वतः पाहू शकता. १६ अँपिअरचा सॉकेट वापरा, एक्स्टेन्शन बोर्ड नकोच.

मग दुसरीकडे चार्ज करून पाहा. तिथे झाली तर गाडी ठीक आहे, घोळ घरच्या वायरिंगचा. फास्ट चार्जरवर होते पण साध्या चार्जरवर कुठेच होत नाही? मग गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरवर संशय घ्या, कारण डीसी फास्ट चार्जिंग त्याला वगळून थेट पॅककडे जातं.

आणि उन्हातून आल्यावर चार्जिंग हळू होत असेल तर तो बिघाडच असेल असं नाही. तापलेला पॅक वाचवायला गाडी स्वतःच वेग कमी करते. जुन्या निसान लीफसारख्या, पॅकला लिक्विड कूलिंग नसलेल्या गाड्यांत हे जास्त जाणवतं.

आता पॅक

चार्ज ३० टक्क्यांवरून एकदम १० वर आला तर एखादा सेल कमजोर असू शकतो. सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात कमजोर सेल संपला की गाडी थांबते. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल आणि तुमच्या मॉडेलला चालणारं अ‍ॅप घेतलं की फोनवर प्रत्येक सेलचा व्होल्टेज दिसतो. चढावर एकच सेल इतरांपेक्षा फार खाली जात असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून मेकॅनिकला दाखवा. (गाडी चालवताना फोन शेजारच्याच्या हातात द्या.) काही गाड्यांत तेवढं एक मॉड्यूल बदलता येतं, पूर्ण पॅक नाही.

पण हे काम घरी करू नका. बॉनेटखाली जाड केशरी वायरी दिसतील, त्या हाय व्होल्टेजच्या असतात. गाडी बंद असली तरी त्यांना हात लावायचा नाही.