पदकाच्या कडेवरचं नाव

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नानाकाकांचा फोन आला. "तू एवढी वर्षं अमेरिकेत काढलीस, तुला त्या लोकांच्या हपिसांची रीत ठाऊक. लंडनला एक अर्ज लिहायचाय. माझ्या आजाच्या पदकाची नोंद करून घ्यायची."

त्यांचा आजा म्हणजे माझे पणजोबा. आमच्या घरात त्यांची गोष्ट प्रत्येक पोराला पाठ असते. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याला गेले, कूटच्या वेढ्यात अडकले, तिथे एका गोऱ्या साहेबाचा जीव वाचवला आणि सरकारने त्यांना बहादुरीचं पदक दिलं. दरवर्षी दसऱ्याला विळा-कोयत्यांबरोबर ते पदक पाटावर मांडून त्याची पूजा होते. आदल्या दिवशी चिंच लावून घासायचं काम लहानपणी माझ्याकडे असे.

आता गावच्या चावडीत पाटी लागणार आहे. इंग्रजांनी बसवलेला एक संगमरवरी दगड तिथे आहेच. महायुद्धाला या गावातून किती माणसं गेली आणि किती मेली, एवढे दोन आकडे त्यावर आहेत, नाव एकाचंही नाही. साताऱ्याकडच्या बऱ्याच गावांत असे दगड दिसतील. तर आता त्या दगडाशेजारी नावांची पाटी लावायची, आणि पणजोबांच्या नावापुढे 'शौर्यपदक' असं लिहायचं. पण ग्रामसेवक म्हणतो कागद दाखवा. कागद आमच्याकडे नाही, पदक तेवढं आहे.

मी काकांना म्हटलं, आधी पदकाचे फोटो पाठवा, पुढून, मागून आणि कडेचे. कडेचे कशाला, हे त्यांना कळेना, पण पाठवले. ते बघितल्यावर मी दोन आठवडे त्यांना फोन केला नाही. का, ते सांगतो, पण त्याआधी आल्बनीतल्या एका माणसाबद्दल सांगायला हवं.

न्यूयॉर्क राज्याची राजधानी आल्बनी. तिथे मी साडेतीन वर्षं नोकरी केली. थंडी सोडली तर गावात सांगण्यासारखं फारसं काही नाही. तिथे वॉशिंग्टन पार्क नावाची बाग आहे आणि बागेच्या कडेला एका काळ्या सैनिकाचा अर्धपुतळा. शेजारच्या रस्त्यालाही त्याचंच नाव: हेन्री जॉन्सन. रोज त्याच्यासमोरून जायचो. कोण, ते विचारायला मला दोन वर्षं लागली. (पुण्यात तरी किती पुतळ्यांची चौकशी आपण करतो म्हणा.)

हेन्री जॉन्सन आल्बनीच्या रेल्वे स्टेशनवर हमाल होता. डोक्यावर लाल टोपी, म्हणून तिथे त्यांना रेडकॅप म्हणत. जून १९१७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या काळ्या लोकांच्या पलटणीत भरती झाला. ही पलटण पुढे ३६९ वी इन्फंट्री म्हणून गाजली. फ्रान्सला पोचल्यावर अमेरिकन लष्कराला या पलटणीचं काय करावं हेच कळेना, कारण गोऱ्या पलटणींच्या खांद्याला खांदा लावून त्यांना लढवायची तयारी नव्हती. शेवटी त्यांना फ्रेंच सैन्याच्या हवाली केलं. अंगात अमेरिकन गणवेश, डोक्यावर फ्रेंच शिरस्त्राण, हातात फ्रेंच रायफल. हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

१५ मे १९१८ ची पहाट. आर्गॉनच्या जंगलाच्या पश्चिम टोकाला हेन्री आणि नीडहॅम रॉबर्ट्स असे दोघे पहाऱ्यावर. निदान बारा जर्मनांची टोळी त्यांच्यावर चालून आली. रॉबर्ट्स सुरुवातीलाच जबर जखमी झाला. हेन्रीने होते तेवढे हातबॉम्ब फेकले, मग रायफल चालवली. घाईत फ्रेंच रायफलीत अमेरिकन काडतुसांची क्लिप घातली आणि ती अडकली. मग त्याने दस्त्याने हाणायला सुरुवात केली. तेवढ्यात दिसलं की जर्मन रॉबर्ट्सला उचलून नेताहेत. तेव्हा कमरेचा बोलो उपसला (आपल्या कोयत्यासारखं जड पात्याचं हत्यार असतं हे) आणि त्यांच्यावर तुटून पडला. रॉबर्ट्स वाचला. हेन्रीच्या अंगावर २१ जखमा झाल्या आणि डावा पाय कायमचा अधू झाला.

फ्रेंचांनी त्याला क्रॉय द गेर हे आपलं पदक दिलं, तेही सोनेरी पानासकट. फेब्रुवारी १९१९ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर पलटणीची मिरवणूक निघाली. लष्कराने भरतीच्या जाहिरातीत त्याचं चित्र वापरलं. मात्र स्वतःचं एकही पदक त्याला दिलं नाही. त्याच्या सुटीच्या कागदावर, म्हणजे डिस्चार्जवर, जखमांचा साधा उल्लेखही नव्हता. १९२९ च्या जुलैमध्ये तो मेला तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती.

तुम्ही म्हणाल, हा सरळ वर्णद्वेष झाला, यात कागदाचा काय संबंध? वर्णद्वेष होताच. पहिल्या महायुद्धासाठी १९९१ पर्यंत एकाही काळ्या सैनिकाला मेडल ऑफ ऑनर मिळालेलं नव्हतं. पहिलं मिळालं ते फ्रेडी स्टोअर्सला, आणि त्याची शिफारस तर १९१८ मध्येच झाली होती, कुठेतरी गहाळ झाली होती म्हणे. पण अन्याय करणारी माणसं मरून जातात आणि फायलीत जे लिहिलंय, किंवा लिहायचं राहिलंय, ते मागे उरतं. ऐंशी वर्षांनी जो कारकून फाईल उघडतो त्याच्या मनात द्वेष असायलाच हवा असं नाही. त्याच्यासमोर जखमेची नोंद नसते, शिफारस नसते, साक्षीदाराचा जबाब नसतो. हेन्री लढला फ्रेंचांच्या हाताखाली, त्यामुळे अमेरिकन वरिष्ठाने शिफारस लिहायची नेहमीची वाट त्याच्यासाठी नव्हतीच.

अमेरिकेत मेलेल्या सैनिकाची नोंद दुरुस्त करता येते. पूर्वी त्यासाठी संसदेत त्या एका माणसापुरतं विधेयक आणावं लागे. १९४६ च्या कायद्याने ते बंद केलं आणि लष्करी नोंदी दुरुस्त करणारी नागरी मंडळं नेमली. १४९ नंबरचा फॉर्म भरायचा. चूक ध्यानात आल्यापासून तीन वर्षांच्या आत भरायचा, पण न्यायासाठी गरज वाटली तर मंडळ ती मुदत माफ करू शकतं. माणूस हयात नसेल तर जोडीदार किंवा वारस अर्ज करतो, मृत्यूचा दाखला जोडून. सगळं ठीक, पण पुरावा आणायची जबाबदारी अर्जदाराची. आणि पुरावा असलाच तर तो बहुधा मिसूरी राज्यात सेंट लुईसला. तिथल्या लष्करी दफ्तरखान्याला १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सगळा सहावा मजला गेला. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सुटलेल्या लोकांच्या शंभरातल्या ऐंशी फायली त्यात होत्या. दुसरी प्रत नाही, मायक्रोफिल्म नाही, कोणाची फाईल जळाली याची यादीसुद्धा नाही. तेव्हापासून तिथली माणसं शेवटच्या पगाराच्या पावत्यांवरून वगैरे माणसांच्या नोकऱ्या पुन्हा जुळवत बसलेली आहेत.

हेन्रीसाठी झगडणाऱ्यांत पुढे होता हर्मन जॉन्सन. हा स्वतः दुसऱ्या महायुद्धातल्या टस्कीगीच्या काळ्या वैमानिक दलातला, नंतर मिसूरीच्या विधानसभेत आमदार झालेला. तो हेन्रीचा मुलगा. आल्बनीतले काही माजी सैनिकही वर्षानुवर्षं पत्रं लिहीत होते. १९९६ मध्ये हेन्रीला पर्पल हार्ट मिळालं, जखमी सैनिकाला देतात ते. (हे पदक आजच्या स्वरूपात सुरूच झालं १९३२ साली, तेव्हा जिवंतपणी ते त्याला नाकारलं असं म्हणता येत नाही. पण १९३२ नंतर पहिल्या महायुद्धातल्या इतर जखमींना मागाहून मिळालं, ते त्याला मिळायला आणखी चौसष्ट वर्षं लागली.) २००३ मध्ये डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला, तो हर्मनने घेतला. सर्वोच्च पदकाला मात्र लष्कराने नाही म्हटलं, कारण त्या वेळचा कागद नाही.

कागद सापडला. सेनेटर चक शूमर यांच्या कार्यालयातल्या लोकांनी जनरल पर्शिंगचं पत्रक शोधून काढलं, त्या लढतीनंतर थोड्याच दिवसांनी निघालेलं. अमेरिकन सरसेनापतीने तेव्हाच या दोघांच्या शौर्याची दखल घेतली होती, ती वाचायला नव्वद वर्षं कोणी गेलं नव्हतं इतकंच. जवळजवळ १३०० पानांचा अर्ज गेला. मुदत माफ करायला संसदेची मंजुरी लागली. २ जून २०१५ रोजी ओबामांनी मेडल ऑफ ऑनर दिलं, मृत्यूनंतर ८६ वर्षांनी.

माझ्या डोक्यातून जात नाही तो भाग यापुढचा. पदक वारसाच्या हाती द्यायचं, म्हणून लष्कराने वंशावळ तपासली. आणि निघालं काय, तर हर्मन हेन्रीचा मुलगा नव्हताच. काही नातंच नव्हतं. हर्मन २००४ मध्ये वारला होता, आपण त्याचा मुलगा आहोत याच समजुतीत. ज्या बापासाठी आयुष्यभर अर्ज केले तो बाप, अर्ज मंजूर झाल्यावर, कागदाने काढून घेतला. पदक घेतलं न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका सार्जंट मेजरने.

आणखीही गोष्टी निसटल्या. सगळे समजत होते हेन्री आल्बनीत बेवारशासारखा पुरला गेला. कागद बघितले तर तो १९२९ पासून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, लष्करी मानाने. सरकारने त्याला छदाम दिला नाही असंही सगळीकडे लिहिलेलं असतं. पण १९२७ मध्ये क्षयामुळे त्याला पूर्ण आणि कायमचा अपंग ठरवून भत्ता चालू केल्याची नोंद आहे. लक्षात घ्या, क्षयामुळे. २१ जखमांचं नाव तिथेही नाही. म्हणजे अन्याय खोटा ठरत नाही, त्याचा आकार तेवढा बदलतो. २०२३ मध्ये लुइझियानातल्या फोर्ट पोक छावणीला त्याचं नाव दिलं, २०२५ मध्ये ते काढून पुन्हा पोक केलं, पोक नावाचा दुसरा सेनानी शोधून. असो.

तर आता आमचं पदक. पुढे पंचम जॉर्ज, मागे घोड्यावरचा उघडा पुरुष, १९१४ आणि १९१८. हे ब्रिटिश वॉर मेडल, बहादुरीचं नव्हे, युद्धात नोकरी केली म्हणून लाखोंना दिलेलं. लढणाऱ्या शिपायांना ते चांदीचं मिळालं. आमचं तांबूस आहे, ब्रॉन्झचं. ब्रॉन्झचं दिलं ते मजूर तुकड्यांतल्या लोकांना: चिनी, माल्टीज आणि हिंदी. कड चिंचेने घासून घासून गुळगुळीत झालीय, तरी फोटो मोठा करून वाचता येतं: एक नंबर, एक वेडंवाकडं इंग्रजी नाव आणि 'लेबर कोअर'. हिंदी मजुरांच्या तुकड्या मेसोपोटेमियात मोठ्या संख्येने गेल्या त्या कूट पडल्यानंतर, आणि कूट पडलं २९ एप्रिल १९१६ ला. वेढ्यात आपली पुणे डिव्हिजन होती, मराठा पलटणी होत्या. पणजोबा बहुधा नव्हते.

लंडनला अर्ज लिहून उपयोग नाही हे तर खरंच. साध्या हिंदी शिपायाची वैयक्तिक फाईल तिथे मिळणं मुश्कील, मग मजुराची कुठली? लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदी सापडल्या, पण त्या पंजाबच्या. पण काकांना फोन न करण्याचं कारण ते नव्हतं. काका ऐंशीचे आहेत. हर्मनसारखं निदान समजुतीत जाऊ द्यावं, असं एकदा वाटलं. पण मग पाटीवर 'शौर्यपदक' कोरलं जाणार, आणि आणखी पन्नास वर्षांनी कोणीतरी त्यालाच पुरावा म्हणणार.

शेवटी केला फोन. सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून टीव्हीचाच आवाज येत होता.

"म्हणजे हमालच होता म्हण की."

मी म्हटलं, काका, आल्बनीत एक होता, तोही आधी हमालच होता. आणि हेन्रीची गोष्ट सांगितली. लढाईचा भाग त्यांनी दोनदा सांगायला लावला. हर्मनच्या जागी पोचलो तेव्हा म्हणाले, "त्या पोराला मेल्यावर कळलं ते बरं झालं."

मग म्हणाले, "पाटीवर काय लिहायचं?"

"नाव आणि लेबर कोअर, मेसोपोटेमिया. पदकावर आहे तेवढंच."

"पदकावरचं नाव चुकलंय. तसलं नको. मी सांगतो ते लिही."

रात्री व्हॉट्सॲपवर त्यांनी पूर्ण नाव पाठवलं, वडिलांच्या नावासकट. पणजोबांच्या वडिलांचं नाव मला तोवर ठाऊक नव्हतं.