नवी मोटरबोट, पण इंजिन गप्प! विजेचे दोष शोधावेत कसे?

कडाव (ता. कर्जत) : मोटरबोट म्हटली की मांडवा, अलिबाग किंवा मुरूडचा किनारा डोळ्यांसमोर येतो. कर्जत-मुरबाड रस्त्यावरील कडावसारख्या भातशेतीच्या गावाचा बोटीशी काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. परंतु राजमाचीच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत तालुक्यातूनच बदलापूर-कल्याणकडे जाते आणि पावसाळ्यात तिचे रूप किती उग्र होऊ शकते, हे २७ जुलै २०१९ रोजी साऱ्यांनी पाहिले. त्या दिवशी बदलापूर आणि वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील एक हजाराहून अधिक प्रवाशांच्या सुटकेसाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांना बोटी पाण्यात उतरवाव्या लागल्या होत्या.

समुद्रावरची बोट रोज चालते, त्यामुळे तिची दुखणी तांडेलाला रोज समजतात. याउलट नदीकाठची बोट वर्षातील आठ-दहा महिने शेडमध्ये उभी असते आणि ज्या दिवशी ती हवी असते, त्या दिवशी चावी फिरवताच सुरू व्हावी लागते. नव्या बोटीबाबत ‘कालच तर घेतली आहे, तिला काय होणार’ हा समज सर्वाधिक घातक ठरतो.

नवी असूनही का अडते?

मोटारीचा सांगाडा धातूचा असल्याने बॅटरीची ऋण बाजू त्याला जोडली की परतीचा मार्ग आपोआप मिळतो. फायबर, लाकूड किंवा रबराच्या बोटीत ही सोय नसते. प्रत्येक दिव्याला, पंपाला आणि उपकरणाला जाणारी व परतणारी अशा दोन तारा ओढाव्या लागतात. साहजिकच जोडही दुप्पट होतात आणि नव्या बोटीतील विजेचे बहुतेक दोष यंत्रात नसून या जोडांमध्येच असतात.

त्यामागची कारणे साधी आहेत. बोट ताब्यात देताना बॅटरीचे नट नुसते हाताने आवळलेले असतात आणि पहिल्या काही तासांच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. कारखान्यातून निघाल्यानंतर बोट दुकानात महिनोन् महिने पडून राहिलेली असते आणि त्या काळात बॅटरी आपोआप उतरते. खरेदीनंतर बसवलेले जादा दिवे, संगीतयंत्र किंवा मासे शोधणारे यंत्र यांच्या तारा पिळून नुसती टेप गुंडाळलेली असते. कोकणातील दमट हवेत अशा जोडावर काही आठवड्यांतच हिरवट थर चढतो.

सुरुवात बॅटरीपासूनच

दोष शोधताना सुटे भाग बदलत बसण्यापेक्षा बॅटरीपासून निघून क्रमाने पुढे जावे. हाती एक साधा मल्टीमीटर असला तरी पुरे. त्याआधी इंजिनाचे आवरण व बोटीतील कप्पे उघडून पेट्रोलची वाफ जाऊ द्यावी. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते आणि एका ठिणगीनेही पेट घेते. बॅटरी सोडवताना ऋण तार आधी काढावी आणि जोडताना ती सर्वांत शेवटी जोडावी.

बॅटरी काही तास स्वस्थ ठेवून मोजल्यास १२ व्होल्टच्या नेहमीच्या लेड-अॅसिड बॅटरीचे आकडे असे वाचावेत : १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी बॅटरी आधी पूर्ण भरावी. तोपर्यंत पुढील कोणत्याही मापनाला अर्थ नाही.

सेल्फ फिरत नसेल तर

पाना हाती घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. बॅटरीचा मुख्य स्विच चालू आहे का? गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? आणि चालकाच्या अंगाला अडकवायच्या सुरक्षादोरीची क्लिप आपल्या जागी आहे का? गिअर पडलेला असेल तर बहुतेक इंजिनांत सेल्फ फिरत नाही. क्लिप निघालेली असेल तर इंजिन सुरू होत नाही. दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान इंजिनांना बॅटरी लागत नाही, पण ही क्लिप त्यांनाही असते.

हे सारे ठीक असेल तर सहकाऱ्याला चावी फिरवायला सांगून बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवरच व्होल्ट मोजावेत. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बहुधा बॅटरी अशक्त आहे. तो १२ च्या वरच राहिला आणि सेल्फ मात्र फिरला नाही, तर बॅटरी चांगली आहे, परंतु वीज वाटेत अडली आहे.

दिवा लागतो, सेल्फ का नाही?

‘दिवा लागतो, म्हणजे वीज येते आहे,’ हा युक्तिवाद फसवा आहे. समजा, एका गंजलेल्या जोडाचा रोध ०.०२ ओहम आहे. एक अॅम्पियर घेणाऱ्या दिव्यासाठी तेथे अवघे ०.०२ व्होल्ट वाया जातात, म्हणून दिवा लखलखीत दिसतो. दीडशे अॅम्पियर ओढणाऱ्या सेल्फसाठी मात्र त्याच जोडावर ३ व्होल्ट खर्ची पडतात आणि इंजिन नुसते कण्हते.

म्हणून मापन नेहमी उपकरण चालू ठेवूनच करावे. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरी उपकरणाच्या धन टोकावर ठेवावी. जो आकडा दिसेल तेवढी वीज वाटेत गळते आहे. ऋण बाजूलाही हेच करावे. दिशादर्शक दिवे व पाणी उपसणारा पंप यांच्यासाठी दोन्ही बाजूंची मिळून गळती ३ टक्क्यांपेक्षा, म्हणजे १२ व्होल्टमागे सुमारे ०.३६ व्होल्टपेक्षा अधिक नसावी, असा बोटबांधणीतील संकेत आहे. पिन एकेका जोडावरून सरकवत न्यावी. आकडा जेथे एकदम उडी घेईल, तेथे दोष आहे. तो जोड खोलून घासावा किंवा कलई केलेल्या तारेने आणि दाबून बसवलेल्या लगने नव्याने करावा.

फ्यूज मोठा बसवू नये

फ्यूज वारंवार उडत असेल तर त्या जागी अधिक अॅम्पियरचा फ्यूज बसवण्याचा मोह टाळावा. फ्यूज हा तारेचा रक्षक आहे. तो मोठा केला की त्याच्याऐवजी तार तापते आणि बोटीत आग लागते. अशा वेळी त्या फ्यूजवरील सर्व उपकरणे सोडवून एकेक जोडत जावे. ज्याच्यासरशी फ्यूज उडतो, तेथे किंवा त्याच्या तारेत दोष आहे.

इंजिन चालू असताना थोडा वेग वाढवून बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. तसे न दिसल्यास बॅटरी भारित होत नाही, असे समजून अधिकृत मेकॅनिकला बोलवावे. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच मात्र कधीही बंद करू नये. त्याने चार्जिंगचे भाग जळू शकतात.

पंपाची परीक्षा बादलीने

तळातील पाणी उपसणारा पंप हा बोटीचा शेवटचा पहारेकरी. त्याचा फ्लोट स्विच मुख्य स्विच बंद असतानाही काम करील, अशी जोडणी असावी. तळात बादलीभर पाणी ओतून पंप आपोआप सुरू होतो का आणि पाणी संपल्यावर थांबतो का, ते पाहावे. कचऱ्याने अडकलेला फ्लोट हे पंप न चालण्याचे एक नेहमीचे कारण होय.

हमी आणि चाचणी

हमीच्या काळात इंजिनाचे सीलबंद भाग स्वतः उघडू नयेत. घेतलेली मापने, तारीख व छायाचित्रे यांची वही ठेवून विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि तेथे ही वहीच उपयोगी पडते. देशांतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक बोटींना अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ लागू होतो, हेही खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

दुरुस्तीनंतरची चाचणी अंगणात घ्यायची असल्यास इंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवावा. कोरडे इंजिन चालवल्यास त्याला थंड ठेवणारा पाण्याचा पंप खराब होतो. पाण्यातील चाचणी रिकाम्या जलाशयात आणि लाइफ जॅकेट घालूनच करावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या समुद्रात इंजिनची चाचणी सुरू असलेली नौदलाची बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि त्या दुर्घटनेत १५ जणांचा बळी गेला.

कर्जत, खालापूर परिसरात पाऊस जूनमध्ये सुरू होतो. त्यामुळे वरील सर्व तपासणी मेअखेरीस पूर्ण करावी. त्यानंतर पावसाळाभर दर पंधरवड्याला बॅटरीचे व्होल्ट, टर्मिनलचे नट आणि पंप एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या तरी ऐन पुरात चावी फिरवताना धाकधूक उरणार नाही.