सरनोबत : पहाऱ्यापासून सेनापतीपर्यंत

शिवजयंती जवळ आली की आमच्या वस्तीतल्या व्याख्यानांत एक यादी वाचली जाते : महाराजांच्या चाकरीतले मुसलमान. तीत नूरबेगचे नाव असतेच, पायदळाचा सरनोबत म्हणून. आम्हीही लहानपणी ती यादी पाठ केली होती. पण सरनोबत म्हणजे काय, हे ना सांगणाऱ्याने सांगितले, ना आम्ही विचारले. नौबत वाजवणाऱ्यांचा मुख्य असेल, अशी समजूत करून घेतली होती, झाले.

समजूत होण्यासारखाच शब्द आहे. दर्ग्याच्या दारावर, देवळाच्या नगारखान्यात नौबत झडते. म्हणून नौबत म्हणजे नगारा एवढेच आपल्या कानाला ठाऊक. मूळ अरबीत मात्र नौबत म्हणजे पाळी, बारी. फिरून फिरून येते ते सारे नौबत. उलटून येणारा तापसुद्धा. ठरल्या प्रहरी वाजतो म्हणून नगारा नौबत झाला आणि पाळीने बदलतो म्हणून पहाराही नौबतच. 'उपाशी झोपायची नौबत आली' असे आपण घरात म्हणतो, तिथे कुठे नगारा असतो?

'सर' हा फारसी शब्द, म्हणजे डोके. सर-ए-नौबत म्हणजे पहाऱ्याच्या पाळीचा प्रमुख. बहमनी राज्यात पहिल्या मुहम्मदशाहाने (१३५८ ते १३७५) आपल्या अंगरक्षक दलाची, खासा खेलची, व्यवस्था लावली. ही माणसे पाळीपाळीने चाकरीला हजर होत आणि त्यांच्यावर सरनौबत असे. सुलतानाच्या दाराशी आज कोण उभा राहणार, हे ज्याच्या हाती, त्याचे वजन वाढणारच. दरबारी पदांची रीतच अशी. धन्याच्या जवळ असतो तो मोठा होतो. दिल्लीचा कुतुबुद्दीन ऐबकही आधी मुहम्मद घोरीचा अमीर-ए-आखूर, म्हणजे पागेचा अधिकारी होता.

शिवाजी महाराजांच्या काळापर्यंत हा दारावरचा माणूस फौजेचा प्रमुख झालेला दिसतो. घोडदळाचे सरनोबत नेताजी पालकर, पुढे प्रतापराव गुजर. पायदळाकडे नूरबेगचे नाव येते, येसाजी कंकांचेही येते. बारगिरांवर हवालदार, त्यावर जुमलेदार, मग हजारी, पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. हे शब्द बोलायला मावळ्याला कुणा मौलवीकडे जावे लागत नव्हते. त्याच्या लेखी ती मराठीच होती.

गडावर मात्र शब्दाने आपला जुना अर्थ सोडला नाही, आणि आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते. प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे बरोबरीचे अधिकारी असत. एकाच्या मनात फितुरी आली तरी गड शत्रूला देणे त्याच्या एकट्याच्या हाती राहू नये, हा हेतू. मोठ्या गडांवर शिवाय तटसरनोबत. तटाचा एकेक भाग आणि रात्रीची गस्त त्यांच्याकडे. म्हणजे सह्याद्रीच्या तटावर तीनशे वर्षांनंतरही नौबतीचा अर्थ पहाऱ्याची पाळी हाच होता.

१६७४ साली राज्याभिषेक झाला आणि पदांना संस्कृत नावे आली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनोबताचा सेनापती. हंबीरराव मोहिते सेनापती झाले. राजव्यवहारकोशही त्याच धोरणातून तयार झाला. यात कुणी मुसलमानांवरचा राग शोधतो, कुणी त्याच रागाचा अभिमान मिरवतो. आमच्या मते दोघेही घाई करतात. नवा छत्रपती आपल्या गादीला आपली भाषा देणारच. जुन्या धन्यांच्या पदव्या त्याने का वागवाव्यात? आणि एवढे करूनही हवालदार हवालदारच राहिला, किल्ल्यावरचा सरनोबत सरनोबतच राहिला.

आडनाव होऊन तर तो आजही नांदतो आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी पिस्तूल नेमबाजीत सुवर्णपदक जिंकले, तेव्हा मोहल्ल्यातला एक मुलगा पेपर घेऊन आमच्याकडे आला.

"चाचा, हे आडनाव आपल्यातलं का?"

आम्ही म्हणालो, "बेटा, घर कोल्हापूरचं, शब्द अरबी-फारसी." मग पाळी, पहारा, नूरबेग, सगळे सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "मग नूरबेगच्या पोरांनी हे आडनाव का नाही लावलं?"

आम्ही पेपरची घडी घालून त्याच्या हातात दिली.