मुख्य कौशल, दुय्यम कौशल आणि खो-खोचा गुणफलक

पेटची किंवा नेटची तयारी करणारे अनेक जण मला एकच प्रश्न विचारतात: "दादा, आधी विषय पक्का करू, की स्टॅटिस्टिक्स, कोडिंग, लेखन हेही सोबत शिकू?" वेळ तर तेवढाच आहे. मग तो वाटायचा कसा?

बास्केटबॉल संघाचं व्यवस्थापन करायचे ऑनलाइन गेम तुमच्यापैकी काहींनी खेळले असतील. त्यात आपण स्वतः पळत नाही. खेळाडूंकडून कसला सराव करून घ्यायचा, एवढंच ठरवतो. उंच खेळाडूला बास्केटखालचाच खेळ शिकवायचा की पासिंगही? एकच कौशल्य वाढवलं तर खेळाडू एकांगी होतो आणि सगळीच थोडी थोडी वाढवली तर कशातच दम राहत नाही. म्हणजे प्रश्न तुमचाच आहे.

याचं उत्तर मला आमच्या भागातल्या खो-खोच्या इतिहासात सापडतं. मी ढोकीचा. आमचा धाराशिव जिल्हा खो-खोसाठी ओळखला जातो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

खो-खोला नियमांची चौकट मिळाली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक संघाचे पाठलागाचे दोन आणि पळतीचे दोन डाव असतात, प्रत्येकी ९ मिनिटांचे. आता हिशेब बघा. निम्मा सामना पळतीत जातो, पण गुण मिळतो फक्त पाठलागात. गडी बाद केला की एक गुण. तुम्ही पळून पळून प्रतिस्पर्ध्याला दमवलंत, तरी तुमच्या खात्यात शून्यच! फक्त समोरच्याचे गुण वाचवले, एवढंच. गुणफलकाच्या भाषेत पाठलाग हे मुख्य कौशल्य आणि पळती दुय्यम.

पण इतिहासाचा अभ्यास करताना एकाच साधनावर विसंबायचं नसतं. गुणफलक बाजूला ठेवा आणि वर्तमानपत्रातली खो-खोची बातमी उघडा. खेळाडूच्या नावापुढे कंसात दोन आकडे दिसतील: किती मिनिटं संरक्षण केलं आणि किती गडी बाद केले. स्पर्धेअखेरची बक्षिसंही तशीच असतात: उत्कृष्ट आक्रमक, उत्कृष्ट संरक्षक आणि अष्टपैलू. म्हणजे नियमाने ज्याला गुण दिला नाही, त्याची नोंद या खेळातल्या माणसांनी ठेवली.

का ठेवली? कारण मैदानावर ही दोन कौशल्यं एकमेकांना धरून असतात. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. पळणाऱ्यावर तसं बंधन नाही, म्हणून तो हूल देतो. जो स्वतः हूल द्यायला शिकलाय, त्याला समोरच्याची हूल लवकर कळते आणि खो कधी द्यायचा तेही कळतं. शिवाय पळायला तिघांची तुकडी उतरते. पहिल्या दोन तुकड्या झटपट बाद झाल्या, तर तिसऱ्या तुकडीतल्या 'फक्त पाठलागवाल्या'लाही उतरावंच लागतं.

मग नियम बदलला. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. तिच्यात तुकडी अडीच मिनिटं टिकली की संरक्षण करणाऱ्यांनाही गुण मिळू लागले. यालाच 'ड्रीम रन' म्हणतात. सूर मारून गडी टिपला तर साध्या स्पर्शापेक्षा जास्त गुण ठेवले. कालपर्यंतचं दुय्यम कौशल्य थेट गुणफलकावर आलं. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, त्यातही ड्रीम रनला गुण होते. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. नियम नवा असला तरी पळतीचा सराव जुना होता.

बास्केटबॉलमध्येही हेच घडलं. एनबीएने १९७९-८० च्या हंगामात तीन गुणांची रेषा आणली, आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८४ मध्ये. हळूहळू बास्केटखाली उभं राहणाऱ्या उंच खेळाडूंनाही लांबून नेम धरणं शिकावं लागलं.

आता आपल्याकडे येऊ. पीएचडीचाही गुणफलक बदलत आलाय. यूजीसीच्या २००९ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणं सक्तीचं होतं. २०१६ मध्ये त्यात परिषदांतली दोन सादरीकरणं आली. २०२२ च्या नियमांतून शोधनिबंधाची सक्ती गेली, पण विषयाशी संबंधित अध्यापन आणि लेखनाचं प्रशिक्षण आलं. विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो आधी तपासा. मुद्दा असा की तेरा वर्षांत 'मोजलं जाणारं' दोनदा बदललं. फक्त आजच्या नियमापुरती तयारी केली, तर पुढचा बदल तुम्हाला तिसऱ्या तुकडीतल्या त्या गड्यासारखा गाठेल.

म्हणून वेळ निम्मा-निम्मा वाटा, असं मी म्हणणार नाही. मोठा वाटा विषयालाच द्या. दुय्यम कौशल्य एका वेळी एकच घ्या आणि तेही मुख्य कौशल्याला बळ देणारं. प्रयोगांतून आकडे येणार असतील तर स्टॅटिस्टिक्स, जुनी कागदपत्रं वाचायची असतील तर मोडी. "सगळे पायथॉन शिकतायत" हे कारण पुरेसं नाही.

आणि एक वही करा. रोज दोन आकडे लिहा: विषयाला किती मिनिटं दिली, दुय्यम कौशल्याला किती. महिन्याने बघा. दुसऱ्या रकान्यात सलग शून्यं असतील, किंवा दुसरा रकाना पहिल्याच्या पुढे गेला असेल, तर वाटणी बदला. खो-खोच्या बातम्यांत कंसातले दोन आकडे याच कामाचे असतात. तुमच्या अभ्यासाची बातमी मात्र तुम्हालाच लिहावी लागेल.