तिने आम्हाला का सांगावे?

१४ जानेवारी १९८९ रोजी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांविषयीचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे आढळले. सरासरीने प्रत्येक स्त्रीमागे ३.६ आजार. मात्र अशी तपासणी पूर्वी कधी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. पुढे जगभरच्या प्रजनन-आरोग्यविषयक चर्चेत हे आकडे वारंवार उद्धृत झाले.

त्याच निबंधातील आणखी एक आकडा तितकाच महत्त्वाचा आहे. विचारल्यावर काही ना काही तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया होत्या सुमारे ५५ टक्के. सांगितलेले आणि असलेले यांत इतके अंतर का पडले? काही आजार लक्षणांवाचून असतात हे खरे. पण ‘अंगावरून पांढरे जाणे’ हा बाईच्या जातीचा भोगच आहे, तो काय सांगायचा, अशी समजूतही त्यामागे होती. या मौनापाशी संशोधकाने कसे जावे, हा प्रश्न वैद्यकीय जितका, तितकाच नैतिक आहे आणि त्याचा इतिहास गडचिरोलीच्या बराच मागे जातो.

१८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा हा त्या इतिहासातील एक ठळक टप्पा. ब्रिटिश सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवण्यासाठी वेश्याव्यवसायातील स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची शारीरिक तपासणी या कायद्याने सुरू झाली. मुंबई शहरातही तो काही वर्षे अमलात होता. या व्यवस्थेने अहवालांचे ढीग निर्माण केले. किती स्त्रिया नोंदल्या, किती तपासल्या, किती ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबल्या, सारे त्यांत आहे. स्त्री स्वतः काय म्हणाली, याला मात्र त्या रकान्यांत जागा नव्हती. संमतीचा तर प्रश्नच उद्भवत नव्हता.

१८८८ मध्ये हा कायदा रद्द झाला, तरी छावण्यांतील व्यवहार थांबले नाहीत. ते पडताळण्यासाठी अमेरिकन डॉक्टर कॅथरीन बुशनेल आणि त्यांच्या सहकारी एलिझाबेथ अँड्र्यू १८९१-९२ मध्ये उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांत फिरल्या आणि तेथील स्त्रियांशी प्रत्यक्ष बोलल्या. १८९३ मध्ये लंडनच्या चौकशी समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. आरोप आधी नाकारणारे माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांना अखेर जाहीर माफी मागावी लागली. स्त्रियांच्या शब्दांनी सरकारी अहवाल खोटे पाडले, ही मोठीच गोष्ट. पण आजच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे. ज्या स्त्रीने परक्या पाहुणीला आपली हकिगत सांगितली, ती पाहुणी गेल्यावर त्याच चकल्यात, त्याच देखरेखीखाली राहणार होती. हकिगत लंडनला पोहोचली. सांगणारी जिथल्या तिथे राहिली. हेतू उदात्त असला म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

विसाव्या शतकात संशोधननीतीचे जे दस्तऐवज तयार झाले, त्यांचा रोख मुख्यतः वैद्यकीय प्रयोगांवर होता. १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा, १९७९ चा अमेरिकेतील बेल्मॉन्ट अहवाल, १९८० चे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे निवेदन या सर्वांसमोर प्रयोगाखालचे शरीर होते. कागदावर नियम असूनही काय घडू शकते, हे १९९७ मध्ये उघड झाले. दिल्लीतील एका सरकारी संशोधनात गर्भाशयमुखाच्या पेशींत कर्करोगपूर्व बदल आढळलेल्या हजाराहून अधिक स्त्रियांवर उपचार न करता नुसती नजर ठेवण्यात आली होती. त्यांच्या लेखी संमतीचा पुरावा नव्हता, आणि काहींना पुढे कर्करोग झाला.

मुलाखतीत सुई नसते, औषध नसते. मग इजा कसली? हा प्रश्न महाराष्ट्रातील कार्यकर्त्या-संशोधकांनी नव्वदच्या दशकात गांभीर्याने हाती घेतला. मुंबईची ‘सेहत’ ही संस्था, पुरंदर तालुक्यात काम करणारे ‘मासूम’, १९९३ मध्ये मुंबईत सुरू झालेले वैद्यकीय नीतीविषयक नियतकालिक अशा ठिकाणी ही चर्चा घडत होती. मनीषा गुप्ते, सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांशी गर्भपाताविषयी केलेला, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याच काळातला. गुप्तता ही स्त्रियांची पहिली गरज होती. १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. तरीही दवाखान्यांत त्याची सही मागितली जाई. ज्या स्त्रीला डॉक्टरपुढेही गुप्ततेची खात्री नाही, तिला संशोधकाच्या वहीपुढे ती कशी वाटावी?

या मंथनातून २००० साली ‘सेहत’च्या पुढाकाराने आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी भारतीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. मुलाखतीनेही इजा होऊ शकते, हे त्यांनी गृहीत धरले. खेड्यातल्या दीड खोलीच्या घरात दाराआड सासू उभी असते. ‘त्या बाई तुला काय विचारत होत्या?’ हा नवऱ्याचा प्रश्न रात्री येतो, आणि त्याच्या उत्तरावर मारही अवलंबून असू शकतो. नाव बदलले तरी ‘वाडीतील दुसरेपणाची, शिवणकाम करणारी बाई’ एवढ्या वर्णनावरून गाव तिला ओळखते. जुने दुःख उकरून निघते आणि ते सावरायला जवळ कोणी नसते. शिवाय पांढरपेशा, शिकलेल्या पाहुणीला ‘नाही’ म्हणण्याची सवय आपल्या समाजव्यवस्थेने गरीब स्त्रीला लागू दिलेली नाही. म्हणून तिच्या होकाराला नेहमीच संमती म्हणता येत नाही.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कौटुंबिक हिंसेवरील संशोधनासाठी सुरक्षिततेच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या गोष्टी साध्या आहेत, पण प्रत्येकीमागे अनुभव आहे. एका घरातील एकाच स्त्रीला हिंसेविषयी विचारावे, म्हणजे प्रश्न घरात इतरांना कळत नाहीत. गावात अभ्यासाची ओळख ‘हिंसेचा अभ्यास’ अशी न देता स्त्रियांच्या आरोग्याचा अभ्यास अशी द्यावी. स्त्रीला मात्र विषय स्पष्ट सांगावा. मध्येच कोणी आले तर पाळीविषयीची किंवा आहाराविषयीची दुसरी प्रश्नावली पुढे करावी. मुलाखत घेणाऱ्यांच्या मनावर येणाऱ्या ताणाचीही काळजी घ्यावी.

भारतात २००५-०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्याचे समन्वयन मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केले, ही शिस्त पाळण्यात आली. घरातून एकच स्त्री निवडली गेली, आणि एकांत मिळाला नाही तर हिंसेचे प्रश्न विचारायचेच नाहीत, असा नियम होता. विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३७ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. या आकड्यामागे सोडून दिलेल्या मुलाखतीही आहेत. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला माहिती गमावणे जिवावर येते; इथे ती गमावणे हाच पद्धतीचा भाग होता. नीती आणि अचूकता यांचे इथे वैर नाही, कारण सासूसमोर दिलेले उत्तर तसेही खरे नसते.

प्रश्न विचारल्यानंतर पुढे काय, याचे एक उत्तर मुंबईत मिळाले. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘सेहत’ आणि मुंबई महानगरपालिका यांनी २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र उभे केले. हिंसाग्रस्त स्त्रीला रुग्णालयातच समुपदेशन आणि आधार मिळू लागला. संशोधकाने ‘तुला मारहाण होते का?’ असे विचारायचे असेल, तर ‘हो’ म्हणणाऱ्या स्त्रीला कुठे पाठवायचे हे त्याला आधी ठाऊक हवे. ती जागाच नसेल, तर प्रश्न विचारण्याचा अधिकारही तपासून पाहावा लागतो. गडचिरोलीच्या अभ्यासाचे बळही इथेच होते. विचारणारी स्त्री स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ होती, आणि निबंध छापून झाल्यावरही ती त्याच जिल्ह्यात राहणार होती.

२०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत परिषदेने असुरक्षित गटांसाठी आणि सामाजिक-वर्तनविषयक संशोधनासाठी स्वतंत्र प्रकरणे दिली. नियम आज आहेत. तरी नियमांचा जीव प्रत्यक्ष प्रसंगात टांगलेला असतो. झाशीजवळच्या खेड्यात बुंदेली बोलणाऱ्या स्त्रीपुढे शासकीय हिंदीतला संमतीपत्राचा कागद ठेवणे आणि गडचिरोलीत गोंडी वा माडिया बोलणाऱ्या स्त्रीपुढे ग्रांथिक मराठीतला ठेवणे, दोन्ही सारखेच. अंगठा उमटतो, अर्थ पोहोचत नाही. शिवाय निरक्षर स्त्रीच्या अंगठ्याला साक्षीदार लागतो, आणि तो साक्षीदार तिचाच दीर असेल तर संमतीची औपचारिकताच गुप्ततेचा भंग करते. अशा वेळी तिच्या बोलीत सावकाश समजावून घेतलेली तोंडी संमती, तिच्या विश्वासातली साक्षीदार आणि ‘उद्या येऊ का?’ असे विचारून तिला दिलेला एक दिवस, हे अधिक प्रामाणिक ठरते. या पर्यायांना संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता अभ्यास सुरू होण्याआधी घ्यावी लागते. गावात पोहोचल्यावर सुचून उपयोग नाही.

पहिल्या मुलाखतीला निघणाऱ्या विद्यार्थिनीने प्रश्नावलीच्या पहिल्या पानावर, पहिल्या प्रश्नाच्याही वर, एक ओळ स्वतःसाठी लिहून ठेवावी: तिने आम्हाला का सांगावे? एकोणिसाव्या शतकातील तपासनिसांना हा प्रश्न पडला नाही. ज्यांना तो पडला, त्यांच्यापाशी स्त्रिया बोलल्या.