पर्जन्यवृक्ष : दक्षिण अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातून दख्खनच्या रस्त्यांपर्यंत

प्रस्तावना :

दक्षिण अमेरिकेतील गवताळ प्रदेशांत वृक्ष विरळ आहेत; म्हणूनच तेथील सावली देणाऱ्या वृक्षांना लोकजीवनात मोठे स्थान मिळाले. अर्जेंटिनातील पंपास प्रदेशाचा 'ओंबू' हा त्यांपैकी प्रसिद्ध. त्याचे खोड मऊ व जलसंचयी असल्याने तो वणव्यातून वाचतो. मात्र त्याचे लाकूड ना चुलीच्या कामाचे, ना इमारतीच्या. पशुपालकांना त्याची केवळ सावली हवी होती. ओंबू महाराष्ट्रात सर्वसामान्यांच्या परिचयाचा झाला नाही. त्याच खंडाच्या उत्तरेकडील, व्हेनेझुएलाच्या ल्यानोस या गवताळ मैदानांतील 'सामान' वृक्ष मात्र मराठी मुलखात इतका रुळला की तो परदेशी असल्याची जाणीवही फारशी उरली नाही. मराठीत त्यास पर्जन्यवृक्ष, वर्षावृक्ष किंवा विलायती शिरीष म्हणतात.

वृक्षाची ओळख व स्थलांतर :

शिंबावंत कुलातील या वृक्षाचे शास्त्रीय वर्णन याक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०० मध्ये प्रसिद्ध केले. योगायोग असा की, त्याच वर्षी अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट व्हेनेझुएलाच्या आराग्वा खोऱ्यात होता. तेथील 'सामान दे ग्वेरे' या वृक्षाच्या अर्धगोलाकार पर्णसंभाराचा परीघ त्याने ५७६ फूट नोंदविला. त्याने दिलेली आणखी एक माहिती इतिहासाच्या अभ्यासकास अधिक मोलाची वाटावी. या वृक्षाची एक फांदी तोडणाऱ्या शेतकऱ्यावर मालकाने दावा लावला होता आणि न्यायालयाने त्या शेतकऱ्यास दोषी ठरविले होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसाहतकालीन वनस्पती-उद्यानांच्या जाळ्यातून हा वृक्ष दक्षिण आशियात पोहोचला. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या काळी (१८९४–१९२२) रस्त्यांच्या कडेला वड, आंबा, चिंच अशा झाडांची लागवड झाली, ती येथील जुन्या परंपरेला धरूनच. वड वाढण्यास एक पिढी जावी लागते. पर्जन्यवृक्ष थोड्याच वर्षांत छत्र धरतो. शहरे वाढविणाऱ्या प्रशासनास हा गुण भावला. मुंबईच्या अनेक जुन्या रस्त्यांवरील सावली याच वृक्षाची आहे.

नावाचे कोडे :

या वृक्षाखाली पाऊस पडतो, ही समजूत युरोपीय प्रवाशांनी पेरूमधून आणली. रिचर्ड स्प्रूस या वनस्पतिसंशोधकाने पेरूमध्येच त्याचा उलगडा केला होता : फांद्यांवर बसून रस शोषणारे किटक जे द्रव टाकतात, तोच हा 'पाऊस'. हे स्पष्टीकरण १८७८ मध्ये 'नेचर' नियतकालिकातून विद्वानांसमोर आले. दुसरे कारण पानांच्या हालचालीत आहे. सायंकाळी, तसेच आभाळ दाटून आल्यावर पर्णिका मिटतात व पावसाचे पाणी थेट जमिनीवर उतरते. पानांच्या बुडाशी असलेल्या फुगीर भागातील पेशींत पोटॅशियम व पाणी यांची ये-जा होऊन ही क्रिया घडते, हे १९७० च्या दशकात रूथ सॅटर यांच्या संशोधनातून पुढे आले. झाडाखाली गवत चांगले वाढते याचे श्रेय काही अंशी या मिटण्यास आणि काही अंशी मुळांवरील नत्र स्थिर करणाऱ्या जीवाणूंस द्यावे लागते. गोड गराच्या शेंगा गुरे आवडीने खातात. थायलंड व फिलिपाइन्समध्ये याच्या लाकडापासून कोरीव भांडी बनतात. आपल्याकडे या दोन्ही उपयोगांची फारशी दखल घेतली गेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

'परकेपणा'चा प्रश्न :

अलीकडे देशी वृक्षांचा पुरस्कार करताना पर्जन्यवृक्षाकडे परका म्हणून पाहिले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. वड-उंबराप्रमाणे तो पक्ष्यांना फळे पुरवीत नाही. काँक्रीटने वेढलेली त्याची उथळ मुळे वादळात आधार सोडतात. आणि २०१० नंतरच्या दशकात मुंबईत पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावामुळे असे अनेक वृक्ष वाळले. परंतु केवळ मूळस्थान हा निकष पुरेसा नाही. गडहिंग्लजच्या बाजारपेठेला नाव मिळवून देणारी मिरची आणि या तालुक्याच्या शिवारातील भुईमूग हीदेखील अमेरिका खंडाचीच देणगी आहे. त्यांना कोणी परके म्हणत नाही, कारण त्यांचे मोल दर आठवड्याच्या बाजारात पैशांत मोजले जाते. सावलीचे मोल असे मोजता येत नाही.

हा भेद कायद्यातही उतरला आहे. १९६४ च्या वृक्षतोड विनियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, जांभूळ यांसारखे वृक्ष आहेत, पर्जन्यवृक्ष नाही. १९७५ चा नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम जातिभेद करीत नाही आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. मात्र त्याची कक्षा महानगरपालिका व नगरपरिषदा यांसारख्या नागरी क्षेत्रांपुरती आहे. त्यामुळे गडहिंग्लज नगरपरिषदेच्या हद्दीतील साठ वर्षांचा पर्जन्यवृक्ष वारसा ठरू शकतो, तर हद्दीबाहेर संकेश्वर किंवा आजऱ्याच्या वाटेवरील त्याच वयाच्या वृक्षाला, रस्त्याचे रुंदीकरण निघाले असता, यांपैकी एकाही कायद्याचा आधार मिळत नाही.