समन्याय आणि सद्सद्विवेक : संत थॉमस मोर यांचे न्यायासन व आपली गहाण जमीन

कायद्याचे अक्षर काटेकोर पाळूनही अन्याय होऊ शकतो. अशा प्रसंगी कायद्याचा मूळ हेतू ध्यानात घेऊन केलेल्या न्यायास 'समन्याय' म्हणतात. ख्रिस्तसभेच्या विचारपरंपरेत ही संकल्पना जुनी आहे. 13व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलच्या आधारे तिची गणना सद्गुणांत केली. त्यांचे उदाहरण बोलके आहे : ठेव मागताच परत करावी हा नियम खरा, परंतु वेडाच्या भरात कोणी आपली ठेवलेली तलवार मागू लागला, तर ती देणे हेच पाप ठरेल.

चॅन्सरी न्यायालय

इंग्लंडमधील सामान्य न्यायालये ठरावीक चाकोरीबाहेर दाद देत नसत. तेव्हा पीडित लोक राजाकडे अर्ज करीत व राजा ते आपल्या चॅन्सेलरकडे सोपवी. 16व्या शतकाच्या आरंभापर्यंत हे पद बहुधा बिशपांकडे असे. चॅन्सेलर प्रतिवादीचा कायदेशीर हक्क नाकारीत नसे. त्या हक्काचा सद्सद्विवेकाविरुद्ध वापर करण्यास मात्र तो मनाई करी. विश्वस्त संस्थेची कल्पनाही येथेच दृढ झाली : मालमत्ता एकाच्या नावे, उपभोग दुसऱ्याचा. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या फ्रान्सिस्कन बंधूंसाठी घरे व जागा अशाच रीतीने ठेवल्या जात.

1529 मध्ये संत थॉमस मोर हे प्रापंचिक कायदेपंडित चॅन्सेलर झाले. त्यांच्या मनाई हुकमांविरुद्ध न्यायाधीश कुरकुरू लागले. त्यांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहिलेल्या चरित्रानुसार, मोर यांनी न्यायाधीशांना भोजनास बोलावून एकेका हुकमामागील कारण समजावून दिले. तुम्हीच कायद्याची कठोरता सौम्य कराल, तर मी हुकूम काढणार नाही, असेही त्यांनी सुचविले; पण न्यायाधीश तयार झाले नाहीत. पुढे राजाला चर्चचा प्रमुख मानण्यास मोर यांच्या सद्सद्विवेकाने नकार दिला आणि 6 जुलै 1535 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. दोन्ही न्यायालयांमधील वाद 1616 मध्ये राजा पहिला जेम्स याने चॅन्सरीच्या बाजूने मिटविला.

महाराष्ट्रातील वाटचाल

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत झालेल्या 1827 च्या मुंबई विनियमाने असे ठरविले की, लागू होणारा कायदा वा रूढी नसेल तेथे केवळ न्याय, समन्याय व सद्सद्विवेक यांना अनुसरून निर्णय द्यावा. 1875 मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्यामुळे कर्जरोख्यावरील आकड्यापलीकडे जाऊन मूळ व्यवहार खरोखर काय होता, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला.

घाटनांदूर व सारा बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने हे कायदे येथे लागू नव्हते. 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला; 1956 मध्ये तो मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. आज येथील शेतकऱ्यालाही 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 60 चे संरक्षण आहे. मुदत टळली तरी कर्ज फेडून गहाण जमीन सोडविण्याचा हा हक्क मुळात चॅन्सरीने दिलेला आहे. त्यासाठीच्या दाव्याची मुदत साधारणपणे 30 वर्षे आहे. मात्र 'मुदत खरेदी' ही गहाण ठरावी यासाठी जमीन परत करण्याची अट त्याच खतात लिहिलेली असावी लागते. तोंडी आश्वासनावर विसंबून अंगठा देऊ नये. बेकायदा सावकाराने कर्जापोटी बळकावलेली जमीन परत करण्याचा आदेश 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानुसार जिल्हा निबंधक देऊ शकतात.

ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मसंहितेतील शेवटचे कलम, 1752, धर्मशास्त्रीय समन्याय पाळण्यास सांगते आणि आत्म्यांचे तारण हा सर्वश्रेष्ठ नियम असल्याचे स्मरण देते. ज्याच्या हाती खत आहे, त्याने म्हणूनच आपणास दोन प्रश्न विचारावेत : कायद्याने हे माझे आहे काय? आणि देवासमोर मी ते घेऊ शकतो काय? पहिल्याचे उत्तर न्यायालय देईल. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यावयाचे आहे.